स्वतः बनवलेला डिजिटल स्पीडोमीटर: ऊन-पावसातल्या काही महिन्यांनंतरचा अनुभव

मोटारसायकलचा काट्याचा मीटर काढून त्या जागी ईएसपी-३२ या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपवर चालणारा, स्वतः जुळवलेला डॅशबोर्ड बसवला, त्याला आता कडक ऊन आणि मुसळधार पाऊस दोन्ही लागून गेले आहेत. या काळात वेगाच्या आकड्याने फारसा त्रास दिला नाही. खरा कस लागला तो पडद्याचा, डब्याचा आणि वायरिंगचा.

वेगासाठी पुढच्या डिस्कच्या बोल्टांवर चार चुंबके आणि फोर्कला हॉल सेन्सर आहे; चुंबक समोरून गेले की तो एक विद्युत संकेत, म्हणजे पल्स, देतो. १००/९०-१७ मापाच्या टायरचा परीघ हिशेबाने सुमारे १.९२ मीटर येतो, परंतु स्वाराच्या वजनाने टायर थोडा दबत असल्यामुळे गाडीवर बसून, चाकाचा एक पूर्ण फेरा जमिनीवर मोजून मिळालेला आकडाच प्रोग्रॅममध्ये घालावा. एका सेकंदात किती पल्स आल्या हे मोजण्याची सोपी पद्धत येथे चालत नाही, कारण ताशी ६० किलोमीटरला चाकाचे सेकंदाला आठ-नऊच फेरे होतात आणि एकाच चुंबकावर मोजल्यास पडद्यावरचा आकडा जवळजवळ सात-सात किलोमीटरच्या उड्या मारतो. त्याऐवजी दोन पल्समधला वेळ मायक्रोसेकंदांत मोजला की आकडा गुळगुळीत येतो. चार चुंबके लागतात ती मंद वेगासाठी: ताशी ५ किलोमीटरला एका फेऱ्यास सुमारे १.४ सेकंद लागतात आणि एका चुंबकाच्या भरवशावर मीटर गाडीच्या मागे पडतो. मात्र ही चुंबके एकमेकांपासून तंतोतंत समान अंतरावर कधीच बसत नाहीत, म्हणून शेवटच्या चार अंतरांची, म्हणजे पूर्ण फेऱ्याची, सरासरी घेणे आवश्यक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये. त्यामुळे आकडा किंचित चढाच ठेवला आहे. टायर झिजल्यावर परीघ कमी होऊन तो आणखी थोडा चढेल, तेही सुरक्षित बाजूलाच.

इंजिनाचे फेरे इग्निशन कॉइलच्या प्राथमिक बाजूने घेतले आहेत. तिथे काहीशे व्होल्टचे झटके येतात, म्हणून मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे वायरने न जोडता प्रकाशातून संकेत पोहोचवणारा भाग, अनिवार्य आहे. हा भाग एकदा बसवल्यावर पुन्हा उघडावा लागला नाही.

पडद्याबाबत माझे मत आता पक्के झाले आहे. रंगीत टीएफटी पडदा घरात टेबलावर देखणा दिसतो, परंतु भर दुपारी सूर्य पाठीशी असताना त्यात आकड्यांऐवजी स्वतःचे हेल्मेट दिसते, आणि पोलराइज्ड गॉगल घातला तर मान किंचित कलवताच तो पूर्ण काळा पडतो. परावर्तित प्रकाशावर चालणारा साधा एकरंगी पडदा जितके ऊन जास्त तितका स्पष्ट वाचता येतो. रात्रीसाठी मंद बॅकलाइट पुरेसा होतो. ज्याकडे अर्धा सेकंदच पाहायचे आहे, त्यात रंगांची हौस कशाला?

डब्याविषयी विस्ताराने सांगणे भाग आहे. सर्व बाजूंनी सिलिकॉन लावून घट्ट बंद केलेला डबा पावसात कोरडा राहील, ही समजूत टिकत नाही. उन्हाने तापलेल्या डब्यावर थंड सर पडली की आतली हवा आकुंचन पावते आणि गॅस्केटच्या बारीकशा फटीतूनही पाणी आत ओढले जाते. मग सकाळी काचेच्या आतून बाष्पाचा पट्टा धरतो, तो नेमका एककाच्या अंकावर. तळाशी हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पातळ पडद्याची झडप बसवल्यानंतर ही तक्रार थांबली.

वायरिंगमध्ये ब्रेडबोर्डवरच्या, म्हणजे प्रयोगाच्या पाटीवर नुसत्या खोचलेल्या, जंपर वायरींना थारा देऊ नये. इंजिनाच्या कंपनांनी त्या सुटतातच. सोल्डर केलेली बोर्डे आणि लॉक होणारे कनेक्टर हाच उपाय आहे. बॅटरी नावाला बारा व्होल्टची असली तरी गाडी चालू असताना चौदाच्या वर जाते आणि सेल्फ मारताना इतकी खाली येते की मीटर मध्येच रीस्टार्ट होतो. वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडमागे वीज साठवणारा मोठा कपॅसिटर दिल्यावर तो तेवढा वेळ तग धरतो. व्होल्टेजच्या झटक्यांसाठी, ते शोषून घेणारा टीव्हीएस डायोड वेगळा लागतोच.

ओडोमीटरचा आकडा साध्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणाऱ्या मेमरी चिपमध्ये, दर १०० मीटरला एकाच जागी लिहिला, तर एक लाख वेळा लिहिण्याची तिची खात्रीची मर्यादा १०,००० किलोमीटरमध्ये संपते. कितीतरी जास्त वेळा लिहिता येणारी एफरॅम मेमरी चिप किंचित महाग पडते, परंतु हा प्रश्न कायमचा मिटतो.

एकच गोष्ट समाधानकारक झालेली नाही, ती म्हणजे पेट्रोलचा दर्शक. टाकीतला तरंगणारा फ्लोट सतत डुलतो. मिनिटभराची सरासरी घेऊनही चढावर एक पट्टी वाढते आणि उतारावर दोन कमी होतात. त्यामुळे टाकीचा अंदाज मी अजूनही ट्रिप मीटरवरूनच घेतो.