जपानी सैन्यावरचं पुस्तक घेताना आधी शेवटची पानं उघडा

माझे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला त्यांची बटालियन जपान्यांच्या वेढ्यात सापडली. त्या दिवसांबद्दल ते कधी बोलले नाहीत. बोलायचे ते नंतरच्या पावसाळ्याबद्दल. ‘वाटेच्या कडेला पडलेले जपानी बघवत नव्हते रे, नुसते हाडांचे सापळे.’ एवढी कडवी फौज उपाशी कशी मेली, या एका प्रश्नापायी मी पुस्तकं जमवू लागलो.

सुरुवातीला घेतलेल्या बऱ्याच पुस्तकांत उत्तर नव्हतंच. जपानी सैनिक मरणाला भीत नाही, एवढ्यावर सगळं भागवलेलं. तेव्हापासून दुकानात मी आधी संदर्भसूची बघतो. तिथे जपानी कागदपत्रं नसतील, तर पुस्तक परत फळीवर.

पण जपानी माणसाने लिहिलं म्हणजे खरंच, असंही नाही. हे मला पार्शल आणि टली यांच्या ‘शॅटर्ड स्वोर्ड’ने शिकवलं. ४ जून १९४२ च्या, प्रशांत महासागरातल्या मिडवेच्या लढाईची मित्सुओ फुचिदांनी लिहिलेली हकीकत मी वर्षानुवर्षं खरी धरली होती: जपानी विमानं जहाजांच्या डेकवर सज्ज होती, पाच मिनिटं मिळती तर सगळी उडाली असती, तेवढ्यात अमेरिकन बाँब पडले. फुचिदा त्या दिवशी स्वतः अकागी या जपानी विमानवाहू जहाजावर होते, पर्ल हार्बरच्या हवाई हल्ल्याचे नेते. शंका कोण घेणार? २००५ च्या या पुस्तकाने जपानी जहाजांवरच्या उड्डाणांच्या नोंदी ताडून पाहिल्या. सकाळभर डेकवर संरक्षक लढाऊ विमानांची ये-जा चालू होती. हल्ल्याची विमानं खाली हँगरमध्येच होती, आणि ती वर आणून रांगेत लावायलाच पाऊण तास लागला असता. बंदिस्त हँगर, त्यात तेल भरलेली विमानं आणि दारूगोळा, म्हणून अकागीला एकच नेमका बाँब पुरला. जपानच्या अधिकृत युद्धेतिहासात १९७१ मध्येच वेगळं चित्र आलं होतं. इंग्रजीत मात्र पाच मिनिटांची गोष्ट पुढे तीसेक वर्षं चालत राहिली. पुस्तक सहाशेवर पानांचं आहे आणि मधला तांत्रिक भाग जड जातो. पहिलं पुस्तक म्हणून कुणाला देऊ नका.

माझ्या प्रश्नाचं उत्तर लुई ॲलनच्या ‘बर्मा: द लाँगेस्ट वॉर’मध्ये मिळालं. ॲलन युद्धात ब्रिटिश गुप्तवार्ता विभागात होते, जपानी जाणत होते, आणि ते पानोपानी कळतं. या मोहिमेचे जपानी सेनानी मुतागुची यांनी जेमतेम तीन आठवड्यांच्या शिध्यावर तीन डिव्हिजन इंफाळ-कोहिमाकडे धाडल्या. पुढचं पोट ब्रिटिशांच्या कोठारांवर भरायचं, हा भरवसा. कोहिमाला गेलेल्या डिव्हिजनचे सेनापती सातो शिधा मागत राहिले, तो आला नाही, शेवटी हुकूम मोडून ते सैन्य घेऊन मागे फिरले. मुतागुचींनी तिन्ही डिव्हिजनचे सेनापती काढून टाकले. सातोंना कोर्ट मार्शल हवं होतं, म्हणजे तिथे सगळं बोलता आलं असतं. त्यांना मानसिक रुग्ण ठरवून तो खटलाच टाळला.

नव्याने वाचणाऱ्याने हेच आधी घ्यावं. तुकड्यांची नावं फार आहेत, जवळ कागद-पेन्सिल असू द्या. आजोबा असते, तर सातोंची ती पानं मी त्यांना मराठीत सांगितली असती.