फ्लूची लस: ग्रामीण रुग्णालयात की खासगी दवाखान्यात?

घरात शुगर किंवा बीपीचं वयस्क माणूस असलं की पावसाळ्याआधी फ्लूची लस द्यायची, एवढं बहुतेकांना पटलेलं असतं. अडतं ते कुठे द्यायची यावर. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बाबांसाठी मी दोन्हीकडे जाऊन आलोय.

सोयीत खासगी पुढे, यात वाद नाही. दीड-दोन हजार मोजले की काम त्याच दिवशी होतं. सरकारीत जोखमीच्या लोकांना लस मोफत मिळते, पण साठा येईल तेव्हा येतो. शुगरची फाइल न्यावी लागते आणि एखादी खेप वायाही जाते.

तरी माझं मन फिरलं ते थंडाव्यापायी. खासगी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, "मेडिकलमधून घेऊन या." मे महिना, पारा ४४ च्या वर. मेडिकलवाल्याने लसीचा खोका कॅरीबॅगमध्ये बर्फाच्या खड्यांवर टाकून हातात दिला. ही लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. तापली तर जोर कमी होतो, बर्फाला चिकटून गोठली तर फेकूनच द्यायची, आणि नुसतं पाहून यातलं काही ओळखता येत नाही. आमचा नंबर लागेस्तोवर पिशवीत पाणी झालं होतं. विचारलं तर उत्तर आलं, "चालते हो, काही होत नाही." चालतही असेल. मला मात्र पावसाळाभर बाबा खोकले की तीच पिशवी आठवायची.

ग्रामीण रुग्णालयात लसींसाठी वेगळा आयएलआर, म्हणजे आत बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज आहे. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो थंडावा धरून ठेवतो. आमच्याकडच्या लोडशेडिंगमध्ये ही मोठी गोष्ट. सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद होते. सिस्टरनी तो तक्ता बाबांनाच दाखवला.

बाबांची कुरकुर वेगळीच होती. "कोरोनाच्या दोन घेतल्या नं, आता अजून काहून?" फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून दरवर्षी घ्यावी लागते, हे मी सांगून थकलो होतो, आशाताईंनी ओट्यावर बसून सांगितलं तेव्हा पटलं. 'लसीनेच ताप येतो' हेही गावात ऐकू येतं. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिने फ्लू होत नाही. एखादा दिवस हात दुखतो, कुणाला कणकण येते. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या महासाथीत, आपला मध्य प्रांत-वऱ्हाड देशात सगळ्यात जास्त होरपळलेल्या भागांपैकी होता, तेव्हा लसच नव्हती. २००९ च्या स्वाइन फ्लूवर देशी लस आली तीही २०१० मध्ये. आज ती तालुक्यात मिळत असताना साथ येण्याची वाट कशाला पाहायची?

लहान मुलांना मात्र बहुधा खासगीतच न्यावं लागेल. तेव्हा लस स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवणारा डॉक्टर शोधा आणि मागच्या हंगामाची तर नाही ना, हे खोक्यावर पाहून घ्या. लस लागू व्हायला दोनेक आठवडे जातात, म्हणून जूनच्या सुरुवातीलाच उरका. सरकारीत जाणार असाल तर निघण्याआधी साठा आलाय का, ते आशाताईंना फोन करून विचारा.