खाडीच्या मातीत फील्ड वेन शिअर, आठ महिने वापरून

नवी मुंबईत खाडीलगत रस्त्याच्या भरावाचं काम चालूये, तिथे आठ महिने फील्ड वेन शिअरचा, म्हणजे मऊ मातीची ताकद जागेवरच मोजायचा सेट वापरतोय, गिअरवाला, हाताने फिरवायचा. कंपनीचं नाव नाही सांगत कारण तक्रारीपण आहेत.

घेतलाच का, तर त्या काळ्या चिखलात एसपीटी (हातोड्याचे ठोके देऊन रॉड आत घालायचा आणि ठोके मोजायचे, ती टेस्ट) करून काही हाती लागत नाही. हातोडा उचलायच्या आधीच नुसत्या वजनाने रॉड आत जातो, एन, म्हणजे ठोक्यांचा आकडा, शून्य लिहायचा आणि डिझाइनवाल्याने बसायचं डोकं धरून. ट्यूबने सॅम्पल काढलं तर टेम्पोत हादरे खात लॅबला पोचेपर्यंत मातीची बरीच ताकद गेलेली असते. वेनमध्ये चार पात्यांचं फूल मातीत दाबायचं, फिरवायचं, माती जागच्या जागी कापली जाते आणि टॉर्क, म्हणजे फिरवायला लागलेला जोर, वाचायचा, बस. आमची पाती 65 मिमी व्यासाची, उंची दुप्पट, आणि गंमत म्हणजे या साइजला टॉर्कचा न्यूटन मीटरमधला आकडा जवळजवळ तसाच मातीची ताकद म्हणून किलोपास्कलमध्ये येतो, साइटवर कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही.

आता डोकेदुखी. या टेस्टचं भारतीय मानक आयएस 4434, त्याप्रमाणे सेकंदाला 0.1 अंश, म्हणजे मिनिटाला फक्त 6 अंश फिरवायचं. दुपारी दोनच्या उन्हात हे जाम बोअर होतं, आमचा ऑपरेटर भराभर फिरवायचा आणि रीडिंग मस्त वर यायचं, मग मी स्वतः घड्याळ घेऊन उभा राहायला लागलो. दुसरं म्हणजे शिंपले! एका होलमध्ये 12, 13 चालू होतं आणि मध्येच 31, सगळे खूश, पातं वर काढलं तर फटीत शिंपल्याचा हा मोठा तुकडा. असं एकटं उडालेलं रीडिंग आता मी खोडतो आणि अर्धा मीटर खाली परत घेतो.

आणि जो आकडा येतो तो सरळ डिझाइनला द्यायचा नाही हं, हे मलाही उशिरा कळलं. वेन काही मिनिटांत माती कापतं, भराव घालायला महिने लागतात, म्हणून बियेरम या माती-तज्ज्ञाचं 1972 चं करेक्शन लावतात, आमच्या मातीचा प्लास्टिसिटी इंडेक्स (माती किती चिकण आहे त्याचा आकडा) 50 च्या आसपास, तिथे गुणक साधारण 0.8. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 12 किलोपास्कलचे 9.6 झाले की एका दमात घालता येणारा भराव 3 मीटरवरून अडीचवर येतो, तोही अगदी कोसळायच्या काठावरचा, सेफ्टी फॅक्टर अजून लावायचाच आहे. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

तक्रार एकच मोठी, स्लिप कपलिंग, म्हणजे रॉड आणि पात्यांमधला सांधा. ते आधी थोडं मोकळं फिरतं तेव्हा नुसत्या रॉडचं घर्षण कळतं आणि तेवढं वजा करायचं असतं. आमच्यात चिखल जाऊन ते जाम झालं आणि पहिल्या महिन्याची रीडिंगं त्या घर्षणासकटच लिहिली गेली, सहा होल परत करावे लागले. आता रोज संध्याकाळी धुऊन ग्रीस लावतो, एका शनिवारी राहिलं तर सोमवारी दोन पान्यांनी मिळून उघडावं लागलं.