वल्हांडणाची मात्झा: हातची गोल घ्यावी की मशीनची चौकोनी?

मात्झा म्हणजे यहुद्यांच्या वल्हांडण सणात खायची न आंबवलेली पातळ भाकर. दोन्हींत जिन्नस दोनच, गव्हाचं पीठ आणि रात्रभर ठेवलेलं पाणी. पाणी पिठाला लागल्यापासून १८ मिनिटांत मळून, लाटून, टोचे मारून भट्टीत जायला हवं. त्यापुढे पीठ आंबायला लागलं असं धरतात.

हातच्या गोल मात्झा सहसा ‘श्मुरा’ असतात. म्हणजे गव्हाला ओल लागू नये म्हणून कापणीपासूनच राखण ठेवलेली. साध्या मात्झात ही राखण दळणापासून सुरू होते. हातच्या पौंडात साधारण सात-आठ येतात आणि किंमत चौकोनीच्या कित्येक पट. चवीत हातचीच सरस: करपलेल्या कडा, खरपूस वास, मध्येच जाडपणा. चौकोनी एकसारखी कुरकुरीत आणि बेचव. अर्थात तोरा हा यहुदी धर्मग्रंथ जिला दैन्याची भाकर म्हणते, तिला चवीवरून गुण द्यायचे म्हणजे जरा गंमतच.

खोका सणाआधी दिवसाउजेडी उघडा. हातच्या मात्झात एखादी घडी पडलेली किंवा फुगा धरलेला सापडतो. घडीच्या आत आच पोचत नाही, पीठ कच्चं राहतं. तेवढा भाग तोडून बाजूला काढतात. सेदेरसाठी, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीच्या विधिवत जेवणासाठी, तीन अखंड मात्झा लागतात आणि हातच्या वाटेतच फुटतात, म्हणून हिशेबापेक्षा जास्तच मागवा. मधली मात्र सेदेरमध्ये मुद्दाम मोडायची असते, कारण तल्मूद हा यहुदी धर्मचर्चेचा ग्रंथ म्हणतो, गरिबाच्या वाट्याला तुकडाच येतो. मुंबई-अलिबागकडच्या दमट हवेत उघडा खोका लवकर सादळतो. घट्ट झाकणाचा डबा वापरा, मऊ पडलीच तर वल्हांडणासाठी कोशर (धर्मनियमांप्रमाणे शुद्ध) केलेल्या ओव्हनमध्ये थोडा वेळ गरम करा.

अंडं किंवा फळांचा रस घातलेली मात्झा खायला छान, पण सेदेरच्या विधीला चालत नाही. ती ‘श्रीमंत’ ठरते. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या) परंपरेत एरवीही ती आजारी आणि वृद्धांपुरतीच. काही साध्या खोक्यांवर ‘वल्हांडणासाठी नाही’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, तेही वाचा.

मशीनवरून रणं माजली होती. फ्रान्समधल्या अल्सासच्या इसाक सिंगरने १८३८मध्ये ते काढलं. १८५९मध्ये ब्रोडीचे (आज युक्रेनमध्ये) रब्बी, म्हणजे धर्मगुरू, श्लोमो क्लुगर यांनी त्याविरुद्ध लिहिलं. पीठ अडकून आंबण्याची भीती होतीच, पण आणखी एक हरकत होती: मात्झा लाटून गरीब माणसं सणाचा खर्च सोडवत, त्यांनी काय करायचं? लेंबर्गचे (आजचं ल्विव) रब्बी योसेफ शाऊल नाथनसन यांनी मशीनची बाजू घेतली. छापखान्याने लेखनिकांचं काम गेलं म्हणून आपण छापलेली पुस्तकं सोडली का, असा त्यांचा रोख. आमचं मत नाथनसनांकडे झुकतं, कारण मशीनमुळेच गरिबाला मात्झा परवडू लागली. तरी क्लुगरांचा प्रश्न खोटा नव्हता.

म्हणून शिफारस अशी: सेदेरला हातची, बाकीच्या दिवसांना चौकोनी, आणि वाचलेले पैसे ‘माओत खिटिम’ला. गरिबांच्या वल्हांडणासाठी गावाने पैसा उभा करायचा ही प्रथा तल्मूदकाळापासूनची आहे. तल्मूदाचा गाभा असलेल्या मिश्नाप्रमाणे धर्मादाय अन्नछत्रावर जगणाऱ्यालाही सेदेरला द्राक्षरसाचे चार प्याले मिळालेच पाहिजेत, आणि त्यानेही मोकळ्या माणसासारखं रेलून जेवायचं. सोळाव्या शतकातले पोलंडचे रब्बी मोशे इस्सेर्लिस यांनी गहू वाटण्याची रीत नोंदवली. पुढे ‘मिश्ना ब्रुरा’ या धर्मनियमांवरच्या ग्रंथाने पीठ बरं म्हटलं, कारण गरिबाला दळणाची यातायात उरत नाही. त्याच न्यायाने आज मात्झाच्या खोक्यापेक्षा रोकड किंवा दुकानाचं कार्ड बरं. नुसत्या मात्झाने सेदेर होत नाही. द्राक्षरस, भाज्या, अंडी, मांस सगळं लागतं. पैसे सणाच्या आदल्या दिवशी पोचले तर उपयोग थोडा, तोवर खरेदीची वेळ गेलेली असते. वल्हांडण ज्या यहुदी महिन्यात येतो तो निसान लागण्याआधीच द्या.