हर्नियाची जाळी: १४ महिन्यांच्या वापरानंतर

वस्तू: पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची साधी विणलेली जाळी, ७.५ × १५ सेंमी. जागा: उजवी जांघ. पद्धत: चिरा देऊन, लिक्टेनस्टाइन (हर्नियाच्या भोकावर सपाट जाळी शिवायची पद्धत). वापर: १४ महिने, दिवसरात्र.

या जाळीबद्दल नाशिकमध्ये दोनच मतं कानावर पडतात. ओपीडीच्या बाकावरचा शेजारी सांगतो, 'जाळी टाकली की आयुष्यभर बघायला नको.' अमेरिकेतल्या खटल्यांचे व्हिडिओ बघून आलेला भाचा सांगतो, 'मामा, जाळी अजिबात टाकून घेऊ नका.' दोघांचंही अर्धंच खरं. जाळीचे त्रास होतात, पण त्यांतले बरेचसे प्लास्टिकमुळे होत नाहीत. तुकडा किती मोठा घेतला, टाका कुठे घातला, हत्यारं कशी निर्जंतुक केली, यावरून होतात. शिवाय प्रत्येक त्रासाची उगवायची वेळ साधारण ठरलेली असते. म्हणून इथे दिवस-महिन्यांप्रमाणे लिहिलं आहे.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने, एका जाळीची विक्री थांबवली, ती योनीमार्गातून अंग बाहेर येण्यावर बसवायची जाळी होती. प्लास्टिक तेच, जागा वेगळी, त्रास वेगळे. हर्नियाच्या जाळ्यांतली गाजलेली प्रकरणं दोन. कुगेल पॅचमध्ये जाळी ताठ राहावी म्हणून कडेला प्लास्टिकचं कडं होतं. ते तुटून आतड्याला भोक पाडू शकतं म्हणून २००५ पासून तो माल परत मागवला गेला. फिजिओमेश २०१६ मध्ये बाजारातून काढली, कारण जर्मनी आणि डेन्मार्कच्या नोंदवह्यांत पोटाच्या हर्नियासाठी दुर्बिणीतून ती बसवलेल्यांना पुन्हा हर्निया होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं. जांघेत टाकतात ती साधी सपाट जाळी या दोन्हींत बसत नाही.

आता ही साधी जाळी. हातात घेतली तर मच्छरदाणीचं कापड वाटावं, फक्त जरा कडक. जड जाळीचं वजन चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅम, हलकीचं त्याच्या निम्म्याहून कमी. दुकानदारीत 'हलकी म्हणजे भारी' असा प्रचार चालतो. प्रत्यक्षात चिरा देऊन केलेल्या ऑपरेशनमध्ये हलक्या जाळीने 'आत काहीतरी आहे' ही जाणीव जरा कमी होते, तीव्र दुखण्यात मात्र खास फरक पडत नाही. दुर्बिणीतून हर्नियाच्या मोठ्या भोकावर हलकी जाळी नीट न अडकवता ठेवली, तर ती भोकात खचायची भीती उलट वाढते. जास्त पैसे मोजण्याआधी हे विचारून घ्यावं.

वजनापेक्षा जाळीच्या विणीतल्या भोकांचा आकार महत्त्वाचा. जिवाणू साधारण १ मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याला खाणारी पेशी १० मायक्रॉनहून मोठी. भोकं त्याहून बारीक असतील तर चोर आत आणि पोलीस बाहेर अशी गत होते. पॉलिप्रोपिलीनची भोकं उघड्या डोळ्यांना दिसतात, म्हणून तिच्यात जंतू शिरले तरी ती पुष्कळदा वाचवता येते. पीटीएफई या दुसऱ्या प्लास्टिकची, अगदी बारीक भोकांची गुळगुळीत जाळी एकदा पिकली की बहुतेक वेळा काढावीच लागते. पण पॉलिप्रोपिलीन उघडी आतड्याला टेकली की ती आतड्याला चिकटते आणि पुढे आतडं फाटून बाहेर वाट पडू शकते. म्हणून बेंबीच्या किंवा जुन्या टाक्यांच्या हर्नियात पोटाच्या आतून जाळी लावायची असेल, तर एका बाजूला न चिकटणारा थर असलेली कंपोझिट जाळीच लागते, आणि हर्नियाच्या भोकाच्या चहूबाजूंनी ती साधारण ५ सेंमी पुढे जावी लागते. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

बसवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण १४ महिन्यांनंतरचं सुख-दुःख इथे ठरतं. जाळीभोवती शरीर व्रणाची ऊती विणतं, ती आक्रसते आणि सोबत जाळीलाही आवळते. साधारण पाचवा हिस्सा तुकडा कमी होतो असं धरून चालावं. म्हणून हर्नियाच्या भोकाएवढा तुकडा कापणं ही चूक. जांघेच्या हाडाच्या उंचवट्यावर ती आतल्या बाजूला २ सेंमी पुढे गेली पाहिजे, वर ३ ते ४ सेंमी, बाहेरच्या बाजूला ५ ते ६ सेंमी. हर्निया पुन्हा उगवतो तो बहुतेक वेळा या हाडाजवळच, जिथे जाळी जेमतेम टेकवलेली असते. टाका हाडाच्या आवरणातून घेतला तर हाड ठणकत राहतं. तो बाजूच्या चिवट ऊतीत घ्यायचा. जाळी ताणून बसवायची नाही, थोडी सैल, घुमटासारखी ठेवायची, नाहीतर माणूस उभा राहिला की ती ओढते. आणि त्या भागातल्या तीन नसा आधी ओळखायच्या, मगच टाका मारायचा. दुर्बिणीतून केलं तर तुकडा किमान १० × १५ सेंमीचा, आणि खालच्या बाहेरच्या भागात क्लिप किंवा टॅकर मारायचा नाही. तिथे नसा आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. रुग्णाने हे सगळं सर्जनला शिकवायला जायचं नाही. पण 'तुकडा केवढा घालणार आणि नसा कशा सांभाळता?' हा प्रश्न विचारायला हरकत नाही. जो डॉक्टर त्यावर चिडतो, त्याच्याबद्दल तेवढ्यावरून बरंच कळतं.

पहिले तीन दिवस. कमरेत इंजेक्शन दिलं असेल तर लघवी अडकू शकते, विशेषतः साठीच्या पुढे. सहा-आठ तास झाली नाही तर कळवायचं. अंडकोष आणि शिश्न काळंनिळं पडतं. बघून घरातले घाबरतात, पण ते रक्त खाली झिरपलेलं असतं आणि दोन आठवड्यांत जातं. वेगळं काय, तर पहिल्या २४ ते ७२ तासांत एक अंडकोष टणक होणं, प्रचंड दुखणं, ताप येणं. याचा अर्थ त्याचा रक्तपुरवठा अडला. पुढे काही महिन्यांत तो बारीक होऊ शकतो. दोष जाळीचा नसतो. हर्नियाची मोठी जुनी पिशवी अंडकोषाच्या शिरांपासून सोडवताना त्या शिरांना इजा झालेली असते. 'जरा सूज आहे' म्हणून हे अंगावर काढू नये. लंगोट पहिले दोन आठवडे घालावा, त्यापुढे हौस.

सातवा ते दहावा दिवस. जागेवर गोळा दिसतो आणि 'हर्निया परत आला' म्हणून धावाधाव होते. बहुतेक वेळा ते पाणी असतं, सेरोमा. खोकल्यावर ते फुगत नाही, झोपल्यावर आत जात नाही. सहा-आठ आठवड्यांत जिरतं. सुईने काढायची घाई केली तर निर्जंतुक पाण्यात जंतू सोडले जातात, आणि त्या पाण्याखाली जाळी असते.

तिसरा ते सहावा आठवडा. या भागाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून इथे जास्त लिहितो. टाके छान भरले, माणूस कामाला लागला, आणि मग दुर्बिणीच्या भोकाजवळ किंवा चिऱ्यात एक छोटी लालसर गाठ येते, फुटते, पातळ पाणी किंवा पू येतो. नेहमीच्या अँटिबायोटिकने सुकल्यासारखी होते, परत येते. अशा उशिरा येणाऱ्या, चिवट जखमेमागे पुष्कळदा टीबीच्या कुळातले पण टीबी नसलेले जंतू असतात. ते नळाच्या पाण्यात राहतात. दुर्बिणीची हत्यारं दोन ऑपरेशनांच्या मधे ग्लुटारल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून काढायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. २ टक्के द्रावणात २० मिनिटांत नेहमीचे जंतू मरतात, बीजाणू (जंतूंची कवचातली चिवट रूपं) मारायला तब्बल १० तास लागतात, आणि नंतर हत्यार साध्या पाण्याने धुतलं की सगळी मेहनत नळाखाली जाते. नळीसारख्या हत्याराच्या आत सुकलेलं रक्त राहिलं असेल तर द्रावण तिथे पोहोचतच नाही. जे ऑटोक्लेव्ह होऊ शकतं, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करता येतं, ते ऑटोक्लेव्हच व्हायला हवं.

इथे उपचारात घडणारी चूकही ठरलेली. पुवाच्या तपासणीत टीबीसारखे जंतू दिसतात आणि सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू होतात. या जंतूंवर ती सहसा चालत नाहीत. पू नीट गोळा करून मायकोबॅक्टेरियाच्या (याच टीबी-कुळातल्या जंतूंच्या) कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला पाठवा, असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यायला लागतं. नुसतं 'कल्चर' लिहिलं तर लॅब नेहमीचे जंतू शोधते आणि 'काही वाढलं नाही' असा रिपोर्ट देते. पुढे क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिनसारखी औषधं, कुठलं औषध त्या जंतूंवर चालतं ते तपासून, एकापेक्षा जास्त एकत्र, काही महिने. जाळीपर्यंत पोहोचलं असेल तर जाळी काढणं.

तिसरा महिना. आता दुखण्याचा हिशेब. तीन महिन्यांपर्यंतचं दुखणं बरं होण्याचा भाग मानतात, त्यापुढचं जुनाट. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत जांघेच्या ऑपरेशननंतर १० ते १२ टक्के लोकांना असं दुखणं राहतं असं दिलं आहे; रोजचं काम अडवणारं दुखणं ०.५ ते ६ टक्क्यांना. हे आकडे ऑपरेशनच्या आधी सांगायला हवेत, आणि तसे सांगितले जातातच असं नाही. तरुण वय आणि आधीपासून खूप दुखणारा हर्निया, या दोन्हींत धोका जास्त.

दुखणं कसलं आहे ते नीट सांगता आलं तर अर्धं निदान होतं. चड्डीच्या इलॅस्टिकने जळजळ होते, विजेसारखी कळ मांडीत किंवा अंडकोषात जाते, तर संशय नसेवर. वाकताना, मोटरसायकलला किक मारताना आत खोल ओढल्यासारखं होतं, तर जाळी दुमडली किंवा गोळा झाली असेल. एका बोटाने हाडावर नेमकी जागा दाखवता येते, तर टाका हाडाच्या आवरणात. वीर्यस्खलनाच्या वेळी दुखतं, तेही सांगायचं. लाजेने लपवलेलं हे लक्षण शुक्रवाहिनीच्या जवळच्या त्रासाकडे बोट दाखवतं. चिऱ्याखालचा बधिरपणा मात्र वेगळा. तो सहा महिने ते वर्षभरात आक्रसत जातो, थोडासा कायमचा राहिला तरी नुकसान नाही.

नसेजवळ भुलीचं इंजेक्शन देऊन काही तास पूर्ण आराम पडला, तर गुन्हेगार सापडला. गोळ्या आणि असे ब्लॉक वर्षभर तरी करून बघावेत. जाळी काढणं म्हणजे शर्टाचं बटण काढणं नव्हे. ती शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिन्यांना चिकटलेली असते, आणि काढताना अंडकोष गमावण्याचा धोका असतो. नसा कापणं आणि जाळी काढणं हे नेहमी करणाऱ्याच हाताचं काम आहे, मग त्यासाठी मुंबई-पुणे गाठावं लागलं तरी.

वर्षानंतरचे त्रास विरळ. भोकात बुचासारखी कोंबलेली जाळी, म्हणजे प्लग, सरकून मूत्राशयात किंवा आतड्यात गेल्याची उदाहरणं आहेत. प्लग नको, हे स्पष्ट मत. दुर्बिणीने जाळी बसलेल्या पुरुषाला पुढे प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन लागलं तर तिथली जागा घट्ट झालेली असते, म्हणून त्या सर्जनला जाळीबद्दल आधी सांगावं. एमआरआयला प्लास्टिकच्या जाळीची अडचण नाही. एक्स-रेत ती दिसत नाही, 'एक्स-रे नॉर्मल आहे' याला इथे काही अर्थ नाही, सोनोग्राफी करावी.

वजन उचलण्याबद्दल. हलकं काम दुखणं सहन होईल तसं आठवड्याभरात सुरू करता येतं, पलंगावर पडून राहिल्याने फायदा नाही. जड उचलणं सहा आठवडे टाळा, असं बहुतेक डॉक्टर सांगतात आणि आपल्याकडच्या जड म्हणजे काय हे बघता ते बरोबर वाटतं: कांद्याची ५० किलोची गोणी, द्राक्षाचं २० किलोचं कॅरेट, पाठीवर भरलेला १६ लिटरचा पंप. निफाड-दिंडोरीकडे ऑपरेशनची तारीख डॉक्टरपेक्षा द्राक्षबागच ठरवते. काढणी संपल्यावर, खरड छाटणीची धावपळ उरकून तारीख घ्यावी; ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर घेतली तर सहा आठवडे पाळले जात नाहीत. खोकला आणि बद्धकोष्ठ आधी आवरावेत, विडी-सिगारेट चार आठवडे आधी बंद, साखर ताब्यात.

पर्याय? त्रास न देणारा हर्निया असलेला पुरुष देखरेखीखाली थांबू शकतो. बायकांनी थांबू नये, त्यांच्यात मांडीच्या मुळातला, अडकणारा हर्निया जास्त. जाळीशिवायची देसारडा पद्धत आपल्या पुण्यातली. डॉ. मोहन देसारडा यांनी पोटाच्या स्नायूच्या आवरणाचीच पट्टी वापरली. जाळीशिवायचीच दुसरी, शोल्डाइस पद्धत, टोरांटोची. दोन्हींत हात सरावलेला हवा, नाहीतर जाळी बरी. आणि जाळी महाग म्हणूनच जाळीशिवाय करायचं असेल, तर दोंडाईचाचं काम ठाऊक असावं. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं, २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरच्या चाचणीत अशी स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीची निघाली. पण याचा अर्थ कुठलंही कापड असा नाही. ठरलेलं कापड, ठरलेली निर्जंतुक करण्याची रीत.

एक वाईट सवय इथेच नोंदवावी. मोठ्या जाळीतून हवा तेवढा तुकडा कापून उरलेला पुन्हा निर्जंतुक करून पुढच्या रुग्णाला लावतात. उत्पादकाची तशी परवानगी नसते, आणि त्या दुसऱ्या रुग्णाच्या फाइलला लावायला स्टिकरच उरत नाही. जाळीच्या पाकिटात सुटणारे स्टिकर येतात: कंपनी, माप, लॉट नंबर, मुदत. एक केस पेपरवर, एक डिस्चार्ज कार्डावर हवा. महात्मा फुले योजनेत झालं असलं तरी मागायचा. पुढे त्रास झालाच तर भारताच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमात (वैद्यकीय उपकरणांच्या त्रासांची नोंद ठेवणारा) तक्रार रुग्णही नोंदवू शकतो, १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर, आणि तिथे लॉट नंबर विचारतात. घरी आल्यावर त्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. थर्मल छपाई असेल तर फाइलमधला स्टिकर दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरा पडतो.