हातमोजे दिसले होते, तरी 22,310 रुपये घालवले

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी खोदून विचारायला नको. लाकूड चिरायचं मशीन ऑनलाइन घ्यायला गेलो आणि फसलो, त्यात गेलेले 22,310 रुपये. बुकिंगचे 2,000, बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर 16,500, आजतागायत न आलेल्या एका खोक्याचे 2,360 आणि दारात आलेल्या टेम्पोवाल्याला 1,450. घरी मी 'अठरा-साडेअठरा' एवढंच सांगितलं होतं, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनाही खरा आकडा हे वाचूनच कळेल.

मी काही अगदी भोळा माणूस नाही हो. नाशिकच्या अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये 31 वर्षं काढली. निवृत्तीनंतर इंदिरानगरच्या घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि सुतारकाम शिकायला घेतलं. दोन वर्षं हातकरवत, रंधा आणि पटाशीवरच काम केलं. दोन स्टुलं, एक देव्हारा, एक पाट झाला. पण फळी सरळ रेषेत उभी चिरायची तर खांदा भरून यायचा, म्हणून टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या खाचेतून पातं वर आलेली विजेची करवत, घ्यायचं ठरवलं.

बरेच मिस्त्री जे करतात ते मला करायचं नव्हतं. तुम्ही पाहिलं असेल, प्लायला खाच पाडतात, खालून फरशी कापायचा मार्बल कटर उलटा टांगतात, बटण बांधून ठेवतात आणि झालं टेबल सॉ तयार. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे फिरणारं पातं, त्यावर ना झाकण ना काही. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीच्या डाव्या हाताचं करंगळीचं टोक त्यातच गेलंय. त्यामुळे घ्यायचं तर नीट, रायव्हिंग नाइफवालंच, हे पक्कं होतं.

आणि इथेच मी सापडलो. मोबाइलवर जाहिरात आली : 'भिवंडीचं गोडाऊन खाली करतोय, दहा इंची टेबल सॉ, रायव्हिंग नाइफ आणि गार्डसकट, 42,000 चं मशीन 18,500 ला.' गार्ड म्हणजे पात्यावरचं झाकण. आता रायव्हिंग नाइफ म्हणजे पात्याच्या मागे उभी असलेली, पात्याबरोबरच वर-खाली होणारी पोलादी पट्टी. लाकूड चिरताना मागची फट मिटायला बघते, ती मिटली की पात्याचे मागून वर येणारे दात फळीला उचलतात आणि आपल्याच पोटाकडे भिरकावतात. ही पट्टी फट मिटू देत नाही. दुकानात जाऊन विचारा, दहापैकी आठ जण 'तो क्या होता है' म्हणतात. ज्याला हे नाव माहीत आहे तो माणूस लबाड कसा असेल, असा माझा हिशोब. नाव तर त्याने कुठूनही उचललं असेल, हे तेव्हा सुचलं नाही.

मग त्याने व्हिडिओ पाठवला, आणि आता लिहिताना हात थरथरतो असा भाग आला. व्हिडिओत निळा टी-शर्ट घातलेला एक माणूस सफेद, रबरी ठिपक्यांचे सुती हातमोजे घालून फळी पात्यात सारत होता. हातमोजे! फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालत नाहीत. एक धागा दातात अडकला की मोजा अख्खा हात आत ओढतो, बोट सोडवायला वेळच मिळत नाही. लेथवर तेच, ड्रिलवर तेच. टूलरूममध्ये नव्या पोरांचे हातमोजे मी स्वतः काढायला लावलेत, अंगठी आणि हातातला गंडादोरासुद्धा. व्हिडिओ बघून मी सौ.ना म्हणालोही, "हा येडा बघ, कधीतरी बोटं घालवेल." चहाचा कप हातात होता. पुढचा विचार तिथेच करायला हवा होता, की ज्याने कधी सॉ चालवलेलं नाही तोच असा उभा राहतो, म्हणजे हे मशीन याचं नाहीच.

वर विचारलंही मी त्याला. तो म्हणाला, "सर, कंपनीची सेफ्टी पॉलिसी आहे, हँडग्लोव्ह्ज कंपल्सरी." आणि मी गप्प बसलो. 42 हजारांचं मशीन साडेअठराला मिळतंय म्हटल्यावर मला माझीच 31 वर्षं खोटी वाटली, त्याचं एक वाक्य खरं वाटलं.

भिवंडीला जाऊन बघता आलं असतं. सकाळी निघालो तर जेवायच्या आत पोचतो. पण मे महिना, त्यात कसारा घाट, त्यात मुलगा पुण्याहून म्हणतोय, "बाबा, ऑनलाइन सगळे घेतात." 2,000 पाठवले. दोन दिवसांनी बिल्टीचा फोटो आला, तेव्हा 16,500. बिलावर जीएसटी नंबर होता, त्यामुळे विश्वास बसला. त्या नंबराचे पहिले दोन आकडे 24 होते. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा 27, गुजरातचा 24. भिवंडी काय गुजरातेत आहे का? हे मला नंतर ओळखीच्या सीएने सांगितलं. तसा कुठलाही नंबर जीएसटीच्या वेबसाइटवर फुकट तपासता येतो, नाव-पत्ता निघतो. दोन मिनिटांचं काम.

मग फोन आला की गार्ड आणि रायव्हिंग नाइफचा सेट वेगळ्या खोक्यात येतो, त्याचे 2,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,360. सेफ्टीत कंजुषी नको म्हणून तेही लगेच दिले. माझ्या भीतीचेच पैसे घेतले बघा त्याने.

नवव्या दिवशी टेम्पो. फ्री डिलिव्हरी ठरलेली असताना 1,450 मागितले, 'आधी पैसे, मग सही, मग उघडा.' खोकं हलकं होतं. दहा इंची सॉचं खोकं एकटा माणूस खांद्यावर टाकून आणतो का? तरी सही केली.

आत पत्र्याचं स्टुलासारखं टेबल होतं आणि त्याखाली चार इंची पात्याचा मार्बल कटर उलटा टांगलेला. बटण केबल टायने कायमचं दाबून बांधलेलं. गल्लीतला मिस्त्री बघायला आला आणि हसला, "साहेब, हे तर मी तुम्हाला चार हजारात करून दिलं असतं."

पुढचा मूर्खपणा माझा एकट्याचा. पैसे अगदीच वाया गेले नाहीत हे स्वतःला दाखवायला मी ते चालवलं. एक पट्टी चिरत असताना लाईट गेली. पातं थांबलं. मी बटण बंद करणार कुठून, ते तर बांधलेलं. प्लग काढायचा राहिला. पट्टी अडकली होती ती सोडवायला हात पुढे नेला आणि लाईट आली. हात चार बोटांवर होता, पात्यापासून. चांगल्या मशीनला नो-व्होल्ट स्विच असतो, वीज गेली की तो सुटतो आणि आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. दुकानात आधी हे बघा : मशीन चालू असताना प्लग काढायचा, परत लावायचा. आपोआप फिरलं तर पाय मागे घ्या. आणि पात्याजवळ हात नेण्याआधी प्लग सॉकेटमधून बाहेर, लाईट गेलेली असली तरी.

आता तक्रारीचं ऐका. 1930 या सायबर हेल्पलाइनवरच्या मुलीने निदान नीट ऐकून घेतलं, पोच क्रमांक दिला. पण पैसे जाऊन अकरा दिवस झालेले. हे लोक माल उशिरा का पाठवतात ते तेव्हा कळलं, पहिल्या काही तासांत फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. खोकं आल्याशिवाय मी तक्रार कशाची करणार होतो?

पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले, "काका, माल आला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, दाखवलं एक आणि पाठवलं एक, पूर्वीचं कलम 420 आणि आताचं 318 यालाच म्हणतात ना? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आरोपी. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब सिंहस्थाच्या बैठकीला. तिसऱ्यांदा साहेब होते, पण स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट हव्या होत्या, काळ्या-पांढऱ्या चालत नाहीत. चौथ्यांदा रंगीत नेल्या तर, "मशीनही आणा." 22 हजारांचं ते पत्र्याचं स्टूल मी रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. बाकावर बसलेली बाई विचारत होती, "काका, भजी तळायचं आहे का?" दीड तासाने उत्तर मिळालं, "घरी घेऊन जा, पण विकू नका, मुद्देमाल आहे." एफआयआर अजून नाही. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. शाखाधिकाऱ्याने वर सायबर सुरक्षेचं माहितीपत्रक हातात दिलं. तेव्हा मी बँकेत मोठ्याने बोललो, त्याचा पश्चात्ताप नाही.

त्यानंतर एकाचा फोन, "सायबरमधून बोलतोय, रिफंड आला आहे, 1,500 भरा." त्याला मात्र मी टूलरूमच्या भाषेत उत्तर दिलं. तक्रार केल्यावर असे फोन येतात, लक्षात ठेवा.

ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून अर्ज टाकता येतो, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, पण समोरच्याचा खरा पत्ता लागतो. तो पैसे देण्याआधी काढायचा असतो. सेकंडहँड मशीन घ्यायचं तर व्हिडिओ कॉल लावा आणि तुमचं नाव खडूने टेबलावर लिहायला सांगा. मशीनच्या नेमप्लेटचा फोटो मागा. खोकं उघडताना शूटिंग करा. आणि शेडच्या वायरिंगला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा; जास्त करंटला पडणारा साधा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. मी आरसीसीबी बसवला होता, एवढं एक शहाणपण.

परवा सिन्नरहून भाच्याने तोच व्हिडिओ पाठवला. किंमत आता 15,999. "मामा, घेऊ का?" मी लिहिलं, त्या माणसाच्या हातांकडे बघ. त्याचं उत्तर आलं, "ग्लोव्ह्ज घातलेत की. सेफ्टी चांगली आहे."

मग फोनच लावला त्याला.