राळेचा खडा, डबीतली पेस्ट की तयार स्प्रे? घरच्या पीसीबीच्या लेपाची परीक्षा

फेरिक क्लोराइडमधून काढून घासलेली पीसीबी (इलेक्ट्रॉनिक पार्ट बसवायचा तांब्याच्या रेघांचा बोर्ड) तासभर लखलखते, मग काळवंडायला लागते. पावसाळ्यात तर बोटांचे ठसेही दुसऱ्या दिवशी उठून दिसतात. अशा तांब्यावर सोल्डर (पार्ट जोडायचा वितळणारा धातू) पसरत नाही, गोळी होऊन बसतं. एच करणं (फेरिक क्लोराइडमध्ये नको ते तांबं विरघळवणं) आणि पार्ट बसवणं यांत चार-आठ दिवस जाणार असतील तर लेप हवाच.

डबीतली पिवळट सोल्डरिंग पेस्ट यातून आधीच बाद. वायरी जोडायला ती उत्तम, पण तिचा पाया ग्रीसचा असतो. ती सुकतच नाही आणि बोर्डावर धूळ चिकटवून ठेवते.

कॉन्टॅक्ट केमीच्या फ्लक्स एसके १० सारखा सोल्डरिंग लॅकरचा (वरून थेट सोल्डर करता येणाऱ्या लेपाचा) कॅन कामाला चोख. बोर्ड आडवा ठेवून वीसेक सेंटिमीटरवरून पातळ फवारा मारला की थर एकसारखा बसतो. मात्र महिन्याला एखादा बोर्ड करणाऱ्याला तो महागच पडतो आणि एरवी पडून राहतो. काम झाल्यावर कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत फवारलं नाही, तर नोझल तुंबलंच म्हणून समजा.

आमची पसंती राळेच्या खड्यालाच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो ‘रोझिन’ म्हणून मागावा. मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा, काचेसारखा फुटणारा खडा घ्या. काष्ठौषधींच्या दुकानातली राळ बहुधा साल वृक्षाची असते, ती इथे चालत नाही. आपल्याला पाइनची हवी, कारण तांब्यावरचा ऑक्साइड काढणारं अॅबिएटिक आम्ल तिच्यात असतं.

२५ ग्रॅम राळ फडक्यात बांधून कुटा. मिक्सरमध्ये घालू नका, गरम होऊन भांड्याला चिकटते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत १०० मिली आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ती रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा आणि सुती कापडातून गाळा. आयपीए ९९ टक्क्यांचंच हवं. हात पुसायच्या ७० टक्केवाल्यात पाणी इतकं असतं की द्रावण दुधाळ होतं आणि लेप पांढुरका पडतो. राळ जास्त घातली म्हणजे संरक्षण वाढत नाही, जाड थर कितीतरी दिवस चिकट राहतो.

खरी गोम लेपाआधीच्या सफाईत आहे. बोर्डावर उमटवलेला प्रिंटरचा टोनर थिनरने काढा, हिरव्या स्क्रबरने बोर्ड घासा, मिनिटभर व्हिनेगर लावा आणि नळाखाली भरपूर धुवा. पूर्ण कोरडा करून आयपीएने पुसा. त्यानंतर बोर्ड फक्त कडांनी धरायचा. लेप लगेच, मऊ ब्रशने, एकाच दिशेने. परत परत ब्रश फिरवलात तर अर्धवट सुकलेल्या राळेच्या वळ्या पडतात. नीट सुकायला एक दिवस द्या. घाई असेल तर आधी अर्धा तास उघड्या हवेत ठेवा आणि मगच हेअर ड्रायरची कोमट हवा. ओल्या आयपीएच्या वाफा पेट घेतात, हे विसरू नका. दमट हवेत पांढरी झाक आलीच, तर आयपीएने पुसून कोरड्या दिवशी पुन्हा लावा.

सोल्डरिंग थेट लेपावरून करायचं. ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) आणि सोल्डरिंग आयर्नचं ३२०-३४० अंशांचं टोक असेल तर राळ वितळून बाजूला सरकते आणि सोल्डर पॅडभर पसरतं. ४०० अंशांवर तीच जळून काळी होते आणि टोकावर खरपुडी धरते. राळेच्या धुराने दमा जडू शकतो, म्हणून खिडकी उघडी आणि धूर बाजूला ओढणारा छोटा पंखा हवाच.

लेपात फिकट हिरवी झाक आली तर घाबरू नका, राळेतल्या आम्लाचा तांब्याशी क्षार झालेला असतो. पण हिरवी भुकटी दिसली तर एच करतानाचं क्लोराइड मागे राहिलंय. लेप काढून बोर्ड पुन्हा धुवा, वरून आणखी थर चढवून उपयोग नाही.

हा लेप कायमचा मात्र नव्हे. पंपाच्या कंट्रोलरसारखा बोर्ड ओलीत राहणार असेल, तर पार्ट बसवल्यावर राळ आयपीएने पूर्ण धुऊन अॅक्रिलिक लॅकर मारा. लॅकर मारलं की टेस्ट पॉइंटवर (मोजणी करायच्या जागांवर) मीटरचे प्रोब टेकत नाहीत, म्हणून आधी त्यांवर टेप चिकटवा.